दुसरा कंट्रोलर वेगळा

दुकानातल्या मुलाने पहिला प्रश्न विचारला, "खेळणाऱ्याचं वय किती?" मी खरं ते सांगितलं. एकीचं नऊ, एकाचं शहात्तर. त्याने संगणकात नऊ टाकलं आणि बजेट विचारलं. शहात्तरची नोंद कुठेही झाली नाही. उभी नोकरी वीज खात्यात, तीही बिलांच्या टेबलावर काढलेल्या माणसाला न नोंदलेलं रीडिंग लगेच दिसतं. पण त्या मुलाला दोष देता येत नाही. त्याच्या समोरच्या रकान्यात एकच आकडा मावत होता.

पुढे खेळांची खोकी हातात घेऊन पाहिली, तेव्हा कळलं की हा रकाना त्या दुकानाने केलेला नाही. खोक्याच्या कोपऱ्यात वयाचा आकडा छापलेला असतो. युरोपात २००३ पासून चालू असलेली ही 'पेगी' पद्धत आपल्याकडे मिळणाऱ्या डिस्कवरही दिसते. तिचे आकडे आहेत ३, ७, १२, १६ आणि १८. अठराच्या पुढे काहीच नाही. अठरावं लागलं की माणूस पूर्ण झाला, त्यानंतर त्याला कोणी काही विचारायचं नाही. माझी समजूत होती की हे लग्नानंतर होतं.

हकीकत अशी, की मुलगी रोह्याला दिली. जावई धाटावच्या एमआयडीसीत. आम्ही दोघं पेणला. मधलं अंतर चाळीसेक किलोमीटर, आणि रेल्वेने गेलं तर वाटेत कासू, नागोठणे, निडी एवढीच स्टेशनं. पंचाहत्तरी ओलांडलेल्याला २०२२ पासून एसटीत तिकीट लागत नाही. म्हणजे माझं येणं-जाणं फुकट आहे, आणि फुकट येणाऱ्या पाहुण्याला घरात जेवढा मान असतो, तेवढा मला आहे. नात कधी सुट्टीला आमच्याकडे येते, कधी मी तिकडे जातो. दोन्ही गावांत तिची बसायची जागा एकच, माझ्या मोबाइलसमोर. ती खेळते आणि मी तिच्या खांद्यावरून बघतो. मध्येच "ते काय होतं गं?" असं विचारलं की ती म्हणते, "आबा, गेलं ते." उत्तर बरोबर असतं. मी विचारेपर्यंत ते गेलेलंच असतं.

एकदा तीच म्हणाली, "कन्सोलवर ना, दोघं एकत्र खेळू शकतात." या एका वाक्यावर मी खर्चाला तयार झालो. वाक्य खोटं नव्हतं. अपुरं होतं.

सोनीचं प्लेस्टेशन ५ भारतात २ फेब्रुवारी २०२१ ला आलं. डिस्क चालवणाऱ्या यंत्राची किंमत तेव्हा ४९,९९० रुपये. पन्नास हजाराला दहा कमी ठेवण्यामागे काही शास्त्र असेल, त्यात मी शिरत नाही. खोक्यात यंत्र असतं, वायरी असतात, बारा भाषांतली सूचनांची घडीपत्रं असतात आणि कंट्रोलर असतो. एक. दुसरा हवा असेल तर तो वेगळा, तेव्हाच्या भावाने ५,९९० रुपयांना. यंत्रात 'ॲस्ट्रोज प्लेरूम' नावाचा खेळ आधीच भरलेला मिळतो, त्याचे पैसे पडत नाहीत. ज्यांनी खेळला ते सगळे सांगतात की फार गोड खेळ आहे. तो एकट्याने खेळायचा आहे. तेव्हा पन्नास हजार मोजून माणूस जिथे पोचतो, ती जागा पुन्हा नातीच्या खांद्यामागेच असते. तिथे मी मोबाइलच्या जमान्यात विनामूल्य बसत होतो.

कंपनीकडून खुलासा असा मिळतो, की हल्ली दोघं खेळतात ते इंटरनेटवरून खेळतात. तिने रोह्यात यंत्र घ्यावं, मी पेणमध्ये घ्यावं, दोघांनी महिन्याची वर्गणी भरावी आणि आपापल्या हॉलमध्ये बसून एकत्र खेळावं. हे मी घरी सांगितलं तेव्हा ही म्हणाली, "मग फोनवरच बोला की." हिला यंत्रातलं काही कळत नाही असं आम्ही सगळे धरून चाललो होतो.

हे पूर्वीपासून असं नव्हतं, म्हणून जास्त खुपतं. निन्टेंडो ही जपानी कंपनी १८८९ साली क्योटोत सुरू झाली ती पत्ते बनवायला. पत्त्यांचा धंदा करणाऱ्याला खेळायला समोर दुसरा माणूस लागतो हे वेगळं शिकवावं लागत नाही. त्यांनी १९८३ मध्ये फॅमिकॉम काढला, तेव्हा दोन कंट्रोलर यंत्रालाच वायरने कायमचे जोडलेले होते. काढू म्हटलं तरी सहज निघत नसत. दुसऱ्या कंट्रोलरवर तर छोटा मायक्रोफोनही होता. म्हणजे दुसऱ्या माणसाला नुसती जागा नव्हती, बोलायची परवानगीसुद्धा होती. त्याच यंत्राच्या नकला नव्वदच्या दशकात आपल्याकडे 'टीव्ही गेम' म्हणून बाजारात आल्या. आमच्याकडेही एक होता. दोन कंट्रोलर, एक प्लास्टिकची बंदूक आणि '९९९९ इन १' असं छापलेली कॅसेट. खरे खेळ त्यात मोजकेच. बाकी तेच खेळ पुन्हा वेगळ्या नावाने, वेगळ्या रंगाच्या आकाशासकट. फसवणूक होती, पण मुलगी आणि तिचा भाऊ, दोघांची एकत्र झाली. तीच मुलगी आता मला म्हणते, "बाबा, तुम्हाला कशाला हवंय दुसरं रिमोट?"

मायक्रोसॉफ्टचं यंत्र घ्यायचं तर आधी ते कितवं आहे हे ठरवावं लागतं. पहिला एक्सबॉक्स २००१ चा. दुसऱ्याचं नाव एक्सबॉक्स ३६०, साल २००५. तिसऱ्याचं नाव एक्सबॉक्स वन, साल २०१३. पहिल्यानंतर तीनशे साठ आणि तीनशे साठनंतर एक. पुढे वनचेच वन एस आणि वन एक्स झाले, आणि २०२० मध्ये सिरीज एस आणि सिरीज एक्स आले. वन एस आणि सिरीज एस ही दोन वेगळी यंत्रं आहेत. वन एक्स आणि सिरीज एक्स हीसुद्धा. जावयांनी फोनवर नुसतं "एक्सबॉक्स एस घ्या, बाबा" असं सांगितलं आणि आपण नीट सांगितलं असं त्यांना अजून वाटतं. आमच्या खात्यात ग्राहक क्रमांक या पद्धतीने दिले असते, तर निम्म्या तालुक्याने शेजाऱ्याचं बिल भरलं असतं. सोनीबद्दल माझ्या तक्रारी आहेत, पण त्यांना मोजता येतं. १, २, ३, ४, ५.

सिरीज एस स्वस्त, आला तेव्हा ३४,९९० रुपयांना होता. त्याला डिस्क घालायची फट नाही. खेळ सगळे इंटरनेटवरून उतरवायचे. त्यासाठी जागा ५१२ जीबी, पैकी खेळांना मिळतात ३६४. उरलेली यंत्र स्वतःकडे ठेवतं. कंट्रोलरमध्ये पेन्सिल सेल घालायचे असतात, आणि ते पाहून मला बरं वाटलं, कारण या साऱ्या व्यवहारात मला ओळखीची वाटलेली ती पहिली वस्तू होती. कंट्रोलर अर्थात एकच.

खेळ उतरवायचे तर खातं हवं. एका कंपनीचं खातं मी उघडून पाहिलं. जन्मसाल निवडायची यादी चालू वर्षापासून सुरू होते आणि अंगठ्याने ढकलत खाली न्यायची असते. ढकलत गेलो. १९९८ आलं, कोकण रेल्वे पूर्ण झाली. १९८६ आलं, रोह्यापर्यंत गाडी पोचली. १९८३ ला कपिल देवने कप उचलला आणि जपानात फॅमिकॉम निघाला. मग आणीबाणी लागली, मग बांगलादेशचं युद्ध, मग चीनचं. १९४९ दिसलं म्हणून बोट उचललं तर यादी आपल्याच वेगात १९२७ ला जाऊन थांबली. तिथून वर येताना गांधीजींची दांडीयात्रा पुन्हा पार करावी लागली. नातीला हे काहीच करावं लागलं नाही, तिचं साल वरच होतं. मात्र तिच्या खात्याला पालकांची संमती लागते. मी पालकांचा पालक आहे. तसा पर्याय नव्हता.

वारसाचा रकानाही कुठे दिसला नाही. पोस्टाचं खातं घ्या, बँकेची मुदत ठेव घ्या, नामनिर्देशनाशिवाय फॉर्म पुढे सरकत नाही. इथे शहात्तर वर्षांचा इसम स्वतःच्या नावावर डिजिटल खेळ विकत घेतो आणि तो नातीला मिळणार कसा, याची कोणालाच फिकीर नाही. डिस्क असती तर कपाटात सापडली असती. मदत केंद्राला विचारलं तर तिकडून एक यंत्र उत्तरं देत होतं. त्याने मला 'खेळाचा आनंद घ्या' असं कळवलं.

बटणांबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण सगळे याबद्दल गप्प बसतात. निन्टेंडोच्या कंट्रोलरवर ए हे बटण उजवीकडे आणि बी खाली असतं. एक्सबॉक्सवर ए खाली आणि बी उजवीकडे. एक्स आणि वाय यांचीही तशीच अदलाबदल. दोन मोठ्या कंपन्या, अब्जावधींचा धंदा, पण चार अक्षरं कुठे लिहायची यावर एकमत नाही. सोनीने शहाणपणा केला, अक्षरं टाळली आणि त्रिकोण, चौकोन, गोल, फुली घेतली. ती खूण-चित्रं ठरवणाऱ्या तेइयू गोतो यांच्या मनात गोल म्हणजे 'हो' आणि फुली म्हणजे 'नाही' असं होतं. जपानात तसंच चाललं. बाहेरच्या देशांत मात्र फुली म्हणजे 'हो' होऊन बसलं, आणि प्लेस्टेशन ५ पासून जपान्यांनाही फुलीलाच 'हो' म्हणायला लावलं गेलं. फुली म्हणजे चूक, हे आमच्या पिढीला लाकडी पट्टीच्या साहाय्याने शिकवलं होतं. मॉलमधल्या नमुन्याच्या यंत्रासमोर नात मला सांगत होती, "आबा, फुली दाबा. फुली म्हणजे ओके." गणिताच्या वहीतल्या माझ्या साऱ्या फुल्यांचा हिशेब आता कोणाकडे मागायचा?

भाषेचं म्हणाल तर प्लेस्टेशन ५ च्या भाषांच्या यादीत फिनिश आहे, डॅनिश आहे, नॉर्वेजियन आहे. मराठी नाही. फिनलंडची एकूण लोकसंख्या छप्पन लाखांच्या आसपास. आपल्याकडे २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख निघाले. फिनलंडमधल्या आजोबांची सोय झाली, याचा मला आनंदच आहे. तिथे थंडी फार असते, घरात बसण्यावाचून त्यांना गत्यंतर नसेल.

आपल्या लोकांनी काहीच केलं नाही असंही नाही, आणि तिथे तर दुखणं आणखी वाढतं. सोनीने २००९ मध्ये प्लेस्टेशन २ साठी 'देसी अड्डा' नावाचा खेळ भारतात आणला होता. हैदराबादच्या मंडळींनी बनवलेला. त्यात विटी-दांडू होता, कबड्डी होती, पतंग होते. याला म्हणतात आजोबांचा विचार. मी हरखून चौकशी केली. प्लेस्टेशन ५ मध्ये प्लेस्टेशन ४ च्या डिस्क चालतात, २ च्या चालत नाहीत. म्हणजे मला येणारा एकमेव खेळ ज्या यंत्रावर आहे, ते यंत्र बनायचंच थांबलं. नातीचं म्हणणं पडलं, की विटी-दांडू खरा खेळता येतो, घराबाहेर. बरोबर आहे. पण घराबाहेर आता गाड्या उभ्या असतात, आणि विटी काचेला लागली तर तिथे रिस्टार्टचं बटण नाही.

क्रिकेट तरी आपलं असेल? 'क्रिकेट २४' हा खेळ मेलबर्नच्या बिग ॲन्ट या कंपनीने केलेला आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने 'राजी: ॲन एन्शंट एपिक' केला, प्राचीन भारतातल्या एका मुलीची गोष्ट, आणि तो ऑगस्ट २०२० मध्ये सर्वांत आधी निन्टेंडोच्या स्विचवर आला. स्विच भारतात अधिकृतपणे विकायलाच आलेला नाही. पुण्यात केलेला, आपल्या पुराणांवर बेतलेला खेळ पहिल्या दिवशी पुणेकराला खेळायचा, तर यंत्र परदेशातून आणायचं. पुण्यातल्या वस्तूसाठी पेणच्या माणसाने एक्सप्रेस वे धरावा हे मी समजू शकतो. विमान धरावं हे जास्त होतं. शिवाय राजीही एकट्याचाच खेळ. ही तक्रार मी आता पुन्हा पुन्हा करणार नाही, वाचकांनी प्रत्येक ठिकाणी धरून चालावं.

करांचं थोडक्यात. शाडूच्या मूर्तीवर जीएसटी नाही, आणि पेणमध्ये याबद्दल कोणाची तक्रार नाही. कॅरम बोर्डावरचा सप्टेंबर २०२५ मध्ये बारा टक्क्यांवरून पाचवर आला. व्हिडिओ गेमच्या कन्सोलवर अठरा टक्के, आणि २०१८ संपेपर्यंत तर अठ्ठावीस होता. सरकारचं मत स्पष्ट दिसतं. कॅरम घ्या. त्याला चार बाजू असतात आणि चारही बाजूंना माणूस बसतो, सोंगट्याही खोक्यातच मिळतात. हे मी घरी बोलून दाखवलं. नात म्हणाली, "आबा, कॅरम आहे की आपल्याकडे. माळ्यावर." माळ्यावर आहे, खरं. त्याच्यावर गौरीची आरास आहे.

यंत्र राहणार कुठे, हा प्रश्न सगळ्यात शेवटी निघाला आणि सगळ्यात आधी निघायला हवा होता. मुलीची अट पडली, रोह्यात नको, अभ्यासाचं वाटोळं होईल. हिची अट पडली, पेणच्या हॉलमध्ये संध्याकाळी साडेसात ते दहा नको, मालिका असतात. नात येते ती बहुतेक संध्याकाळीच. शिवाय आमचा टीव्ही भिंतीला इतका चिकटवून बसवलाय, की एचडीएमआयची खाच शोधायला दोन बोटंसुद्धा मागे जात नाहीत. बसवणाऱ्याने तेव्हा अभिमानाने सांगितलं होतं, "काका, मागे झुरळ जाणार नाही." झुरळ जातं. वायर जात नाही.

मग कोणीतरी म्हणालं, न्यायचं-आणायचं. पेणमध्ये वस्तूची उंची मूर्तीवर मोजायची सवय आहे. सुरुवातीचं प्लेस्टेशन ५ उंचीला ३९ सेंटिमीटर, म्हणजे आमच्या फुटी गणपतीपेक्षा चांगलं तीन-साडेतीन इंच जास्त, आणि वजनाला साडेचार किलो. हमरापूर-जोह्याच्या मूर्ती पेंढ्यात बांधून समुद्रापार धड पोचतात. पण पेण-रोहा एसटीत दर शनिवारी असा ऐवज मांडीवर घेऊन बसायचं, तर कंडक्टर एक दिवस विसर्जन कधी म्हणून विचारणार. आणि आपला महामार्ग आहेच. पनवेल ते इंदापूर ८४ किलोमीटरचं रुंदीकरण २०११ ला सुरू झालं, एवढंच इथे नमूद करतो. नंतरचं बारीक मॉडेल हलकं आहे म्हणतात. पण ते उभं करायचं असेल तर खालचा स्टँड वेगळा विकत घ्यावा लागतो. आडवं पडून राहायचे पैसे पडत नाहीत. ही सवलत ज्येष्ठांना आधीपासूनच आहे.

तेव्हा राहिला स्विच. मार्च २०१७ चा, हातात मावणारा. टीव्हीला जोडला तर जोडला, नाही तर त्याचा स्वतःचा पडदा आहेच. आणि मुख्य म्हणजे त्याच्या दोन बाजूंना लावलेले दोन जॉय-कॉन काढले, की दोन माणसांचे दोन कंट्रोलर होतात. खोक्यात. वेगळे पैसे न देता. मी दुकानदाराला पुन्हा विचारून खात्री केली. पत्ते बनवणाऱ्यांचं रक्त कुठेतरी शिल्लक आहे. जून २०२५ मध्ये स्विच २ निघाला, तोही भारतात अधिकृतपणे विकत नाहीत, मग जुनाच बरा.

अधिकृत नाही म्हणजे मिळत नाही असं नव्हे. मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळतो. तिथल्या एका दुकानदाराने वॉरंटी दुकानाची असल्याचं सांगितलं. म्हणजे काय, विचारलं. म्हणाला, "म्हणजे मी इथेच बसतो." लेखी काही देता का विचारल्यावर त्याने कार्ड दिलं, त्यावर दुकानाचं नाव नव्हतं. चार्जरची पिन आपल्या सॉकेटला बसेना, तर त्याने खिशातून जोड काढून दिला, तो फुकट. निन्टेंडोच्या इंटरनेटवरच्या दुकानात देश निवडायला गेलं तर यादीत भारत नाही. म्हणून लोक दुसऱ्या देशाचं खातं उघडतात. मुलाने माझं अमेरिकेचं उघडून दिलं. बिलांच्या टेबलावर आयुष्य गेलेल्या माणसाने पत्त्याच्या रकान्यात खोटी माहिती भरावी हे मला पटलेलं नाही. नाव मुलाने टाइप केलं, एवढ्यावर मी समाधान मानलं आहे.

खेळांच्या कॅसेट आता नखाएवढ्या असतात. लहान मुलांनी तोंडात घालू नयेत म्हणून निन्टेंडो त्यांना डेनाटोनियम बेन्झोएट नावाचा कडू लेप लावतं. नातीने ती कधी तोंडात घातली नाही. मी घातली, कारण छापलेल्या माहितीवर पडताळणीशिवाय विश्वास ठेवू नये असं आम्हाला खात्यात शिकवलं होतं. माहिती खरी आहे. त्यानंतर खाल्लेला पोह्याचा पापडही संध्याकाळपर्यंत कडू लागत होता.

जॉय-कॉन लांबीला बोटाएवढा. आडवा धरला की त्यावर चार बटणं जवळजवळ येतात, आणि माझा अंगठा ती चारही एकदम दाबतो. असं बटण कंपनीने ठेवलेलं नाही, त्यामुळे यंत्राला काय करावं ते सुचत नाही. काही जॉय-कॉनची दांडी पुढे आपोआप एका बाजूला सरकू लागते, ही तर जगभरची तक्रार. कंपनीच्या अध्यक्षांनी २०२० मध्ये त्याबद्दल माफी मागितली. माफी मागितली, हे मी दोनदा वाचलं. उभ्या नोकरीत माझ्या पाहण्यात असा प्रसंग आला नव्हता.

आम्ही खेळतो तो 'मारिओ कार्ट ८ डिलक्स'. त्यात रस्ते गुळगुळीत आहेत आणि एका रस्त्याला तर कठडेच नाहीत, गाडी थेट अंतराळात पडते. मग ढगात बसलेला एक इसम गळाने गाडी उचलून परत रस्त्यावर ठेवतो. ताबडतोब, पंचनाम्याशिवाय. या खेळात दोन सोयी आहेत. एक चालू केली की गाडी स्वतःच वेग घेते, दुसरी चालू केली की स्वतःच वळते आणि रस्ता सोडत नाही. लहान मुलांसाठी केल्या असाव्यात. नातीने दोन्ही माझ्याकडे चालू करून दिल्या आणि म्हणाली, "आबा, तुम्ही फक्त धरून बसा." बारा गाड्यांच्या शर्यतीत माझा नंबर अकरावा आला. बाराव्या आलेल्या गाडीत कोण होतं हे मी पाहून ठेवलं आहे. ते माकड होतं.

यंत्राला बॅटरी असल्यामुळे वीज गेली तरी खेळ चालू राहतो. हे मला नातीने सोय म्हणून सांगितलं. मी काही बोललो नाही. पावसाळ्यात वीज का जाते हे मला विचारू नये अशी घरात फार पूर्वीपासून शिस्त आहे, ती तिनेही पाळली.

एकूण निवाडा असा. आजी-आजोबांनी नातवंडाबरोबर खेळायला यंत्र घ्यायचं असेल तर आधी खोक्यात कंट्रोलर किती ते मोजावेत, मग किंमत विचारावी. एकच निघाला तर त्या पैशात कॅरम, पावडर आणि वर्षभराचं एसटीचं तिकीट येतं, पंचाहत्तरीच्या आतल्यांनासुद्धा. आणि जाहिराती करणाऱ्यांना एक नम्र विनंती. सोफ्यावर नातवंडाशेजारी हसत बसलेला पांढऱ्या केसांचा माणूस तुम्ही दाखवता, त्याच्या हातात काय आहे ते आम्ही नीट निरखून पाहतो. त्याच्या हातातल्या वस्तूची किंमत त्याच चित्राखाली छापा, ठळक अक्षरात. मराठीत छापलीत तर फिनलंडची हरकत नसावी.